पडद्यावर लावलेला कौल

त्या सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. शेवट मला पुढं सांगावाच लागणार आहे, तेव्हा निदान नाव तरी झाकून ठेवते, उगाच कुणाचा विरस नको. शेवट आधी कळेल ह्याची काय धास्ती असते ती मी एकेकाळी पोटात घेऊन फिरलेली बाई आहे.

सोनपेठपासून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. मी सून म्हणून आले, वर्षभरात पहिलं बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि बारशाच्या आधीच गेला. नाव ठेवायचं राहूनच गेलं. त्या बाळंतपणाआधी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गावच्या देवीला कौल लावला होता. कौल म्हणजे असं, की गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ज्वारीचे ओले दाणे चिकटवायचा, मोठ्यानं प्रश्न विचारायचा, आणि सगळे श्वास धरून बसायचे. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. कौल आपल्या डोळ्यांनी बघायचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला धरायचा नाही. आणि एकदा लावला की परत घ्यायचा नाही. आमच्या वेळी, बाळ जगेल का ह्या प्रश्नाला उजवा दाणा पडला होता. आत्याबाईंनी गल्लीभर गूळ वाटला होता.

पोरगं गेल्यावर मी देवीशी बोलणं टाकलं. माझा स्वभावच तसा. माणसानं शब्द फिरवला तर मी त्याच्या दारात पाय ठेवत नाही, मग देवी कोण लागून गेली? आत्याबाई सणासुदीला नैवेद्याचं ताट घेऊन निघायच्या आणि मी चुलीपुढून हलायची नाही. त्यांनी मला कधी जबरदस्ती केली नाही, पण देवळातून परत आल्यावर माझ्या वतीनं आपल्याच तोंडात दोन मारून घ्यायच्या. ते मला दिसायचं.

दुसऱ्या खेपेला पाचवा लागला तेव्हा आमचे हे मला परभणीच्या दवाखान्यात दाखवायला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळं ठीक आहे. पहिल्या वेळीही सगळं ठीकच होतं, म्हणून मला त्या बोलण्याचा आधार वाटला नाही. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसले होते. गाडी स्टँडातून निघाली आणि समोरच्या भिंतीवर एका सिनेमाचं भलंमोठं पोस्टर दिसलं. एक आई आणि तिच्या मांडीवर लेकरू. लेकराचे डोळे मिटलेले. झोपलंय की गेलंय काही कळेना. मी आईच्या तोंडाकडं बघायला गेले तेवढ्यात गाडी वळली.

आणि मी मनातल्या मनात बोलून गेले, "ह्या लेकराचं जे होईल तेच माझ्या लेकराचं होईल."

बोलले मात्र आणि अंगावर काटा आला. कुणी बोलायला लावलं मला? शब्द गिळून टाकायला बघत होते, पण कौल लावून झाला होता. देवीवर मी रुसले होते खरी, तिचे नियम काही माझ्यातून गेले नव्हते. मी ह्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "उतरा, मला तो सिनेमा बघायचाय, आत्ताच्या आत्ता."

"येडी झालीस काय?" हे म्हणाले. "शेवटची गाडी हाय ही. येईल की सोनपेठला तंबूत, तवा बघ."

तेव्हा आमच्या भागात सिनेमा तंबूतूनच यायचा. शहरात पोस्टर फाटून जायचं, नवीन चिकटायचं, आणि मग कधीतरी उन्हाळ्यात तो सिनेमा ओरखडे पडलेला, गाणी कापलेला असा सोनपेठच्या मैदानात उगवायचा. म्हणजे मला वाट बघायची होती, पोट वाढत असताना. आणि तोवर कुणाच्या तोंडून शेवट कानावर येऊ द्यायचा नव्हता. ऐकलेला कौल धरायचा नसतो हे खरं, पण वाईट ऐकलं असतं तर मी तो न धरता राहू शकले असते का?

अडचण अशी, की आमच्याकडं सिनेमाची स्टोरी झाकून ठेवायची रीतच नव्हती. उलट ज्यानं बघितला त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, मारामाऱ्यांसकट आणि गाण्यांसकट, सांगायची. ऐकून ऐकून पाठ झाली की मग बायका गाडी जुंपून बघायला जायच्या, आणि कुठं रडायचं हे आधीच ठाऊक असल्यानं पदर काढून तयार बसायच्या. ऊसतोडीला गेलेली मंडळी कारखान्याच्या मुलखात नवे सिनेमे बघून चैत्रात परत यायची. कोयते टेकवले की पहिलं काम स्टोरी सांगायचं. त्यांचा त्यात मोठा मान असायचा.

त्या वर्षी आमची शेजारीण तोच सिनेमा बघून आली.

हापशावर पाणी भरायला गेले तर बायकांचं कोंडाळं करून ती मधोमध उभी. मला बघून तिला आणखी चेव आला. "ये गं, ये. असा सिनेमा बगितला की काय सांगू माय! लय रडलो आमी. ती आई त्या लेकराला घिऊन—"

मी हातातली घागर सोडून दोन्ही कान दाबले. "तोंड बंद कर तुजं! मला न्हाई ऐकायचं!"

घागर घरंगळत तिच्या पायापर्यंत गेली. शेजारीण माझ्याकडं बघत राहिली, मग तिची नजर माझ्या पोटावर गेली आणि तिथंच थांबली. मग काही न बोलता तिनं घागर उचलून माझ्या हातात दिली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प का झाली, ह्यावर मी पुढं कितीतरी दिवस डोकं फोडून घेतलं. बाई रडते ती आनंदानंही रडते, असं मी स्वतःला समजवायची, आणि तिची ती नजर आठवली की समजूत पार ढासळायची.

दुसऱ्या दिवसापासून मी कानात कापूस घालायला लागले. परभणीच्या मातीत कापसाला काय तोटा! पण कानात कापूस बाळंतिणीच्या असतो, पोटुशीच्या नाही, त्यामुळं गल्लीला चघळायला विषय मिळाला. "बाळातपणाच्या आधीच बाळातीण झाली की गं ही!" असं म्हणून बायका हसायच्या. कुणी म्हणायच्या, लय ताठा आलाय. मी हापशावर जायची वेळ बदलली, निवडण-टिपण घरातच करायला लागले, दळणाला ह्यांना पाठवलं. शेतात धसकटं वेचायला बायका असल्या तर मी दूरच्या तासाला बसायची आणि मोठमोठ्यानं ओव्या म्हणायची, म्हणजे कुणाचं काही ऐकू यायला नको. आवाज माझा फाटका. बैलसुद्धा मान वळवून बघायचे.

हसू येतं आता, पण तेव्हा मी भीतीनं वाळत चालले होते. जेवण उतरायचं नाही. पोटातलं हललं की बरं वाटायचं आणि हलायचं थांबलं की वाटायचं, कुठंतरी कुणीतरी शेवट बोललं.

वैशाखात ह्यांनी बाजारातून येऊन सांगितलं, "तुजा सिनेमा लागायलाय सोनपेठला. पुढच्या बाजारच्या दिशी बायकांचा खेळ हाय."

आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कुटं जायचं न्हाई. आठवा लागलाय तिला. पोटुशीनं रडायचा सिनेमा बगू न्हाई."

"मी जाणार," मी म्हणाले.

"कामून पण? कशापायी एवढा हट?"

"मी कौल लावलाय त्याच्यावर!"

तोंडातून निघून गेलं आणि मग सगळंच सांगावं लागलं. पोस्टर, लेकरू, एस.टी.त बोललेले शब्द. ऐकता ऐकता आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्यावर ओरडावं, असल्या जागी कौल लावतात का म्हणून दोन शब्द सुनवावेत, असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त हळूच विचारलं, "परत घेता येत न्हाई का?"

"तुमीच तर म्हणता, येत न्हाई."

त्या उठल्या आणि शेजारणीच्या घरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी कानांवर हात ठेवूनच उभी होते. त्या माझ्याकडं न बघता परत सूप घेऊन बसल्या आणि निवडलेलीच ज्वारी पुन्हा पाखडायला लागल्या. मी त्यांचं तोंड वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पाठ फिरवून बसले.

बाजारचा दिवस आला आणि खेळ झालाच नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद पुकारला होता. एस.टी. थांबली, सिनेमाच्या रिळांची पेटी परभणीतच अडकली, पोलिसांनी तंबूही उघडू दिला नाही. आमच्या गावात कुणी कुणावर हात टाकला नाही, पण आजूबाजूच्या गावांतून काय काय घडलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पारावर पुरुषांचे आवाज चढलेले असायचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं आमच्या गल्लीतून जाईनाशी झाली. त्यांत आमची सुईणही होती. माझा पहिला मुलगा तिच्याच हातावर आला होता, आणि तो गेला तेव्हा आत्याबाईंच्या खालोखाल तीच रडली होती. आता ती येत नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मला मात्र आणखी एक भीती लागली. सिनेमा नाही, सुईण नाही, आणि दिवस भरत आलेले.

एका सकाळी आत्याबाई डोक्यावरचा पदर नीट करून, सगळ्या पारासमोरून, वस्तीत गेल्या. पारावरचा कुणीतरी म्हणाला, "म्हातारे, तिकडं कशाला?" त्या थांबल्या नाहीत. परत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "येनार हाय ती. मी सोता आणीन, सोता पोचवीन." त्या बाईच्या अंगात एवढी हिंमत आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढं ती किती आहे हे कळायचंच होतं.

गाड्या सुरू झाल्या, पेटी आली, तंबू उघडला. खेळाच्या दिवशी मी साडी बदलत होते तर आत्याबाई आपल्या आपण म्हणाल्या, "मी बी येते." जन्मात त्या तंबूत गेल्या नव्हत्या. मला वाटलं माझ्या काळजीनं येतायत.

बायकांचा खेळ दिवस मावळल्यावर पहिला असायचा. खाली पोती अंथरलेली, मागं यंत्राची घरघर, सगळीकडं लेकरांची रडारड. मी कानातला कापूस काढला आणि पदराच्या टोकाला बांधला. पडदा उजळला तेव्हा माझे दात वाजत होते, वैशाखात.

हिंदी आम्हाला परकी नव्हती, निजामाच्या मुलखातली माणसं आम्ही. पण त्या दिवशी बोलणं माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी फक्त ते लेकरू बघत होते. ते हसलं की मी श्वास घ्यायची. मग ते आजारी पडलं. आई त्याला घेऊन दारोदार फिरायला लागली, आणि माझ्या पोटातलं हलायचं थांबलं. मी हात ठेवला, दाबून बघितलं. काही नाही. यंत्र एकच होतं, त्यामुळं रीळ बदलायला अंधार झाला, आणि त्या अंधारात मी आत्याबाईंचा हात शोधला तर त्या उठून उभ्या होत्या.

"कुटं निगालात?"

"पाय आकडलेत. आलेच."

त्या लवकर आल्या नाहीत. पुढचं रीळ सुरू झालं, आई लेकराला घेऊन पावसात धावली, दवाखान्याची पायरी चढली, तेव्हा कुठं त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांना धाप लागली होती. पडद्यावर डॉक्टर मान खाली घालून उभा होता. मी बोटांच्या फटीतून बघत होते. आई लेकराच्या तोंडावर वाकली. आणि लेकरानं डोळे उघडले. म्हणालं, "माँ."

पडदा पांढरा झाला. दिवे लागले. भोंग्यातून तंबूवाल्याचा आवाज आला, खेळ संपला, लेकरं सांभाळून बाहेर पडा.

मी पोत्यावर बसल्या बसल्या मोठ्यानं रडले. पोटात एक लाथ बसली, मग दुसरी. मागं काही बायका ओरडत होत्या, "एवढ्यात कसा संपला? गाणं ऱ्हायलंय की आजून!" बायकांना कितीही दाखवा, कमीच पडतं, असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर आत्याबाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि देऊळ आलं तशी त्यांनी आपल्याच तोंडात दोन मारून घेतल्या. माझ्याच वतीनं असतील, असं मी धरून चालले.

सुईण आली, मुलगी झाली, रडली, दूध प्याली. बारसं झालं. नाव ठेवताना मी कुणाला घाबरले नाही. तिला गोवर आला, जुलाब झाले, एकदा ओट्यावरून पडून डोकं फुटलं, पण माझं काळीज हललं नाही. आत्याबाई मात्र पोरीला साधी शिंक आली तरी हातातलं काम टाकून उशाशी बसायच्या. नाकापुढं बोटं धरून श्वास बघायच्या. मी त्यांना चिडवायची, "कशाला एवढं भेतात? माज्या कौलाचा उजवा पडलाय." त्या दुसरीकडं बघायच्या.

पोरगी शाळेत जायला लागली तोवर आमच्या घरात टीव्ही आला. एका रविवारी संध्याकाळी सिनेमा सुरू झाला, आणि नावं पडायला लागताच मी ओरडलेच, "आगं, हा माजा सिनेमा!" पोरीला ओढून मांडीशी बसवलं.

"बंद कर ते," आत्याबाई म्हणाल्या. "डोळे दुखायलेत माजे."

"तुमी डोळे मिटून बसा."

त्या बसल्या, पण डोळे मिटले नाहीत. मधेच म्हणाल्या, "रोज मेली लाईट जाती, आज कशी जाइना?" मी हसले. पोरगी शेंगदाणे खात होती. आई दारोदार फिरली, पावसात धावली, डॉक्टरनं मान खाली घातली. मी पोरीला कोपरानं ढोसलं, "बघ आता, बघ." लेकरानं डोळे उघडले. "माँ," म्हणालं.

"वाचलं!" मी म्हणाले आणि टीव्ही बंद करायला उठले.

पण पडदा पांढरा झाला नाही. आई गायला लागली. अंगाईच होती ती. लेकरू तिच्याकडं बघत होतं, आणि गाण्याच्या मधेच कधीतरी ते बघायचं थांबलं. आईला कळलं नाही. ती गातच राहिली.

मी तशीच उभी, बटणाकडं हात केलेला. मागून पोरीनं विचारलं, "आई, मेलं का गं ते?"

आत्याबाई उठल्या. त्यांनी कधी त्या टीव्हीला बोट लावलं नव्हतं. चाचपून चाचपून त्यांनी बटण शोधलं आणि तो बंद केला. मग पोरीला आपल्या मांडीत घेऊन खाली बसल्या.

"तुमाला म्हाईत व्हतं," मी म्हणाले.

"शेजारणीनं सांगितलं व्हतं."

"आन तंबूत?"

"तंबूवाल्याला म्हणलं, शेवटचं रीळ लावू नगंस. माजी सून आठव्या म्हैन्यात हाय, तंबूतच काय झालं तर तू निस्तरशील का? भेला त्यो."

"आत्याबाई, तुमी कौलात हात घातलात. देवाच्या कौलात!"

"देवाचा कुटं व्हता? तंबूवाल्याचा व्हता. म्हणून त्याच्याच पाया पडले."

हे त्या हसण्यावारी न्यायला बघत होत्या, पण ओठ सुकले होते. ज्या बाईनं आयुष्यात कौलापुढं मोठ्यानं श्वास घेतला नाही, तिनं तो अर्ध्यातून मोडला होता. मोडणाऱ्याला काय भोगावं लागतं ह्यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता. मी निर्धास्त झोपत होते ती सगळी वर्षं ती एकटी त्या पोरीच्या नाकाशी बोटं धरून बसली होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण त्याहून मोठी एक भीती होती आणि ती बोलल्याशिवाय मला राहवेना.

"आत्याबाई, तवा मी बगितला नव्हता. आता बगितला की. माज्या डोळ्यांनी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पोरगी मांडीवरून दोघींकडं टकामका बघत होती. चुलीवर आमटी उकळत होती तिचा आवाज येत होता.

"कौलाला मुदत असती," आत्याबाई म्हणाल्या. "वर्साची. वर्स उलटलं की कौल उतरतो. तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

असा काही नियम नाही. मी त्या गावात इतकी वर्षं काढली, गुरवाच्या तोंडून कौलाचं सगळं ऐकलं, मुदतीचं कधी कुणी बोललं नव्हतं. तिनं तो त्या घटकेला, माझ्या डोळ्यात बघत, रचला होता. पोरीच्या केसांवरून फिरणारा तिचा हात थांबत नव्हता, आणि मी काय म्हणते ह्याची ती वाट बघत होती.

"न्हाई बाई," मी म्हणाले. "मला म्हाईतच नव्हतं."

"वर्साचीच असती."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले, आणि तिघींची ताटं वाढायला घेतली.